पुढच्या फळीवरची काठी

किलबेग, आयर्लंड, १७ फेब्रुवारी १९९३

कोलमन,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. सगळे आहेत. गायसुद्धा आहे.

काम आहे म्हणून लिहितेय. सरळच विचारते, कारण आडवळणाने सुरुवात केली तर हे पत्र उद्यावर जाईल आणि तो उद्या काही उजाडायचा नाही. तू तिकडे इंग्लंडात गळाच्या काठ्या करण्याच्या कारखान्यात आहेस असं सबिना म्हणाली. पोस्टाच्या खिडकीत बसून त्या बाईला पोप काय जेवला तेही कळतं. तर मला सांग, डाव्या हाताने गळाची पिसांची माशी फेकणाऱ्या माणसाला काठी केवढी लागते? लांबी किती आणि वजन किती?

फेस्टीसाठी हवी आहे. त्याचा उजवा हात जरा आखडलाय, थंडीने. विशेष काही नाही. पण मे महिना येईल, तळ्यावर मेमाशी उठेल, मासे तिच्यावर तुटून पडतील, आणि तोवर हात मोकळा नाही झाला तर डाव्याने फेकता यावं म्हणून. त्यानेच विचारायला सांगितलंय. म्हणाला, "डावखुरं माणूस आपल्या माहितीत एकच, त्याला विचार." नाव नाही घेतलं तुझं, पण म्हणाला.

त्याची जुनी काठी अकरा फुटी आहे, ती तू ओळखतोसच. आज मी ती पिठाच्या काट्यावर ठेवून तोलली. अर्धी पलीकडे लोंबत होती म्हणून एका हाताने धरली. रिळासकट तेरा औंस भरली. जास्त आहे का? मला त्यातलं काही कळत नाही.

उत्तर घरी पाठवू नको. हॉटेलच्या पत्त्यावर पाठव, मी तिथल्या धोबीखान्यात जाते हल्ली. आमचा पोस्टमन पत्रं भिजवतो.

तू बरा आहेस ना?

डेलिया


किलबेग, ३ मार्च

कोलमन,

इतक्या वर्षांनी तुझं पत्र आलं आणि त्यात काय, तर दीड पान नुसती माझी टिंगल! काठी पिठाच्या काट्यावर तोलत नाहीत, बरं. काठीवरचा नंबर म्हणजे तिला कुठल्या वजनाची दोरी झेपते तो, हेही बरं. मला कोणी शिकवलं होतं? तुम्ही दोघं होडीत जायचात आणि मी तुमचे मोजे वाळवायची. पण इस्त्री करताना ते पत्र मी परत परत वाचलं आणि हसले, हे तुला सांगून ठेवते.

आता शेवटची ओळ. "फेस्टीने विचारलं हे खोटं आहे, तो मरेल पण मला विचारणार नाही." हो. खोटं आहे. त्याला काही माहीत नाही.

आणि हात थंडीने आखडलेला नाही. नोव्हेंबरात होडी किनाऱ्यावर ओढताना तो मटकन खाली बसला. मला वाटलं पाय घसरला. जवळ जाऊन बघते तर तोंड एका बाजूला ओढलेलं आणि डोळे माझ्याकडे, असे की मी काहीतरी करीन. महिनाभर गॉलवेच्या इस्पितळात होता. तोंड सरळ झालं, पाय चालतो, उजवा हात मात्र मेला. कोणीतरी विसरून गेलेल्या छत्रीसारखा बाजूला लोंबतो. स्वतःच्या कोटाची बटणं लावता येत नाहीत त्याला, कोलमन, आणि मी लावायला गेले की खेकसतो. मग मी तशीच उभी राहते आणि तो एका हाताने झटत राहतो.

मला घरात बसवत नाही. धोबीखान्यात असले की घरी काय चाललं असेल, आणि घरी आले की वाटतं परत धोबीखान्यात जावं.

नाताळात त्याने सांगून टाकलं: "यंदा मेमाशी येऊन गेली आणि मी किनाऱ्यावरच राहिलो, तर जूनमध्ये होडी विकायची." गॉलवेचा एक माणूस बघूनही गेलाय. होडी गेली की हा किती दिवस टिकेल, सांग. मी त्याची बायको आहे, मला कळतं.

तर असं कर. काठी तू पाठव, हॉटेलवर. मी सांगेन गॉलवेच्या दुकानातून मागवली. तुझ्या हातचं मीठसुद्धा घेणार नाही म्हणून त्याने शपथ खाल्लेली आहे, हे तुला ठाऊक आहे. चर्चच्या फाटकात सगळ्या गावासमोर तो तुला "उतर माझ्या होडीतून" म्हणाला, तेव्हा मी तिथेच होते. सरकारने गळाला परवाना लावला, सगळ्या तळ्याने नाही म्हटलं आणि तू एकट्याने घेतलास, कारण पैसे मोजून मासे धरायला येणारे तुझे जर्मन पाहुणे परवान्याशिवाय होडीत पाय ठेवेनात. तुझं बरोबर की त्याचं, हे मी तेव्हाही बोलले नाही, आताही नाही. तो कायदा सरकारने कधीच मागे घेतला. तुम्ही दोघं मात्र अजून तिथेच, फाटकात.

नुसती काठी पाठव. चिठ्ठी नको.

डेलिया


किलबेग, २९ मार्च

कोलमन,

तुझी नऊ फुटी आली. पाच नंबरची. अशक्त माणसाला आखूड आणि हलकी, असं तू लिहिलंस आणि मलाही ते पटलं. नेमकं तेच चुकलं.

आधी सगळं छान झालं. "गॉलवेच्या दुकानातून आणली," मी म्हटलं. त्याने हातात घेतली, खिडकीपाशी नेली, दोरी ओवायची कडीन्कडी बघितली. मग विचारलं, "कोण आहे तो दुकानदार?" मी म्हटलं, आहे एक, नवीन. "हं," म्हणाला. घरामागच्या कुरणात जाऊन, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून डाव्या हाताने फेकायला लागला. पहिल्यांदा दोरी गाईच्या शिंगात अडकली. मग त्याच्याच गळ्याला वेढा बसला. पण आठवडाभराने ती दोरी गवतावर अशी सरळ पडायला लागली, की मी ओट्यापाशी उभी राहून रडले. कांदा चिरत होते, असंच सांगितलं.

मग आम्ही तळ्यावर गेलो. वल्ही माझ्याकडे. हसू नको. पश्चिमेचा वारा होता, फार नाही, पण कॉरिब तळं कसं आहे ते तुला सांगायला नको. उभं राहायला पाय भरवशाचा नाही, म्हणून हा बसून फेकणार. बसल्या जागेवरून नऊ फुटी काठीने दोरी मागे गेली की ती लाटेवर आपटते. दोनदा आपटली. तिसऱ्यांदा वाऱ्याने उचलली आणि माशी माझ्या कानात. कानाच्या पाळीत, आरपार! मी ओरडले, वल्हं सुटलं, होडी गोल फिरली. एका हाताने त्याला गळ काढता येईना. दुसऱ्या हाताची बोटं माझ्या गालाला नुसती लागत होती, गार. शेवटी मीच काढला.

घरी आल्यावर म्हणाला, "सांग तुझ्या दुकानदाराला, नऊ फूट ओढ्यासाठी. हा कॉरिब आहे, बादली नाही."

म्हणून सांगतेय.

आणखी एक. तू गेल्यापासून होडीत पुढच्या फळीवर त्याने कोणाला बसू दिलेलं नाही. पुढे वजन नसलं की होडी नाक वर करते, म्हणून तिथे पोत्यात दगड भरून ठेवलेत. मलाही मधल्या फळीवर बसवलं. मी म्हटलं, "मी बसते पुढे, ते दगड काढ." म्हणाला, "दगड बोलत नाहीत."

डेलिया


किलबेग, १८ एप्रिल

कोलमन,

साडेदहा फुटी, सहा नंबरची, मिळाली. बसून फेकताना दोरी लाटेच्या वर राहते, तू म्हणालास तसंच. पण हात राहत नाही. पाच-सहा वेळा झकास फेकली. मग मनगट लटपटायला लागलं. त्याने दात-ओठ खाऊन आणखी फेकली, आणि काठी हातातून सुटून पाण्यात गेली. मी वल्ह्याने ओढून आणली. त्याने ती घेतलीच नाही.

त्याचा निरोप असा, शब्द न शब्द: "दुकानदाराला सांग, काठीचं वजन मुठीत नसतं, टोकाला असतं. मूठ जड केली की टोक हलकं लागतं, असं त्याला पूर्वीही वाटायचं."

पूर्वी म्हणजे कधी, मी विचारलं. "सगळ्याच दुकानदारांना वाटतं," म्हणाला. सध्या त्याच्या बोलण्याला ना शेंडा ना बुडखा, मी फार लक्ष देत नाही.

लक्ष द्यायला मला वेगळंच आहे. आता तो तळ्यावर जातच नाही म्हणतो, आणि मी धोबीखान्यातून परत येते तर घर रिकामं. पहिल्या दिवशी मी वेड्यासारखी धावले, हातात ओली उशीची खोळ तशीच. तो होडीत बसला होता. किनाऱ्याला बांधलेल्या होडीत, मागच्या फळीवर, दगडांच्या पोत्याकडे तोंड करून. काठी नाही, काही नाही. म्हटलं, काय करतोस इथे? "काही नाही. बघतोय." आता रोज जातो. मीही रोज धावते. शेजाऱ्यांना वाटतं मी घोड्यांच्या शर्यतीची तयारी करतेय.

मला भीती वाटते रे. लोक म्हणतात, वेळ गेली की सगळं ठीक होतं. कसली वेळ जाते? तळ्याकाठच्या झाडांना पानं फुटलीत. तीन आठवड्यांत मेमाशी उठेल. गॉलवेच्या त्या माणसाने निरोप पाठवला, होडीबरोबर वल्हीही घेतो म्हणून. फेस्टी म्हणाला, "बघू." नाही म्हणाला नाही.

तुला काठ्या करता येतात. कर काहीतरी. तुझ्याकडे दुसरं कोणी काही मागत नसेल, मी मागते.

डेलिया


किलबेग, २ मे

कोलमन,

तुला वेड लागलंय का? पंधरा फुटी?

ज्या माणसाला साडेदहा पेलत नाही त्याला पंधरा फुटी? तुझं पत्र मी परत वाचलं तेव्हा कुठे कळलं तू काय म्हणतोस ते. फेकायचीच नाही. काठीचं बूड मांडीवर टेकवायचं, मेलेला हात त्याच्यावर नुसता ठेवायचा, तो वजन म्हणून चालतो. डाव्याने टोक वर धरायचं. गळाला जिवंत मेमाशी, आणि दोरीऐवजी तो पिसासारखा हलका रेशमी धागा, जो वारा आपणच उचलून पुढे नेतो. जेवढी काठी लांब तेवढं काम वाऱ्याचं, माणसाचं कमी. हे सगळं खरं.

पण तू फेस्टीला विसरलास. त्या काठीला तो काय म्हणतो आठवतं ना? "पाहुण्यांची काठी." ज्यांना फेकता येत नाही त्या अमेरिकन म्हाताऱ्यांना होडीत बसवून तुम्ही ती हातात द्यायचात आणि मग खानावळीत त्यांच्या नकला करायचात. त्याच्यासमोर ती ठेवली तर तो माझा झगा घालून तळ्यावर जाईल एक वेळ, ती नाही घेणार.

पाच दिवस तुझं पत्र असंच पडलंय. तरी आज जेवताना मी विषय काढला. म्हटलं, दुकानदार म्हणतो पंधरा फुटी घ्या. त्याने काटा खाली ठेवला. मला वाटलं आता ताटच जाईल भिंतीवर.

मी म्हटलं, "आमची आई मे महिन्यात याच काठीने मासे धरायची. धुणं वाळत घालून जायची आणि गावातले सगळे गडी मिळून आणायचे त्यापेक्षा जास्त घेऊन यायची. तिला कधी पाहुणी म्हणालास का?"

"तुझ्या आईची गोष्ट वेगळी."

"कशी वेगळी?"

"तिला लाज नव्हती," म्हणाला, आणि अचानक हसला. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. तोंड अजून थोडं वाकडं होतं हसताना, ते तेव्हा दिसलं. मग म्हणाला, "अशी काठी धरणाऱ्याला होडी वाऱ्याला आडवी धरून ठेवणारा लागतो. तू तर तिला लाटणं फिरवल्यासारखी फिरवतेस."

मी म्हटलं, गावात खूप जण आहेत.

"असतील," म्हणाला.

पण नको म्हणाला नाही, हे लक्षात घे. पाठव. लगेच पाठव. बांधावर आज एक मेमाशी दिसली, एकच, चुकून लवकर आलेली.

डेलिया


किलबेग, १३ मे

कोलमन,

बस सुटायच्या आत हे पत्र पोस्टात टाकायचंय, म्हणून अक्षर असं.

पंधरा फुटी काल आली. तीन तुकडे स्वयंपाकघरात जोडायला घेतले, तर टोक दारातून बाहेर अंगणात आणि कोंबड्या ओरडत पळाल्या. फेस्टी ओट्याशेजारच्या खुर्चीत, बूड मांडीवर. उजवा हात मी उचलून त्यावर ठेवला. नाही खेकसला. मग खुर्ची बाहेर अंगणात नेली. तळ्याकडून वारा येत होता. धागा सोडला तसा तो सावकाश वर गेला, फुगला, आणि गेटाच्या पलीकडे, जिथे तो बघत होता तिथेच, टोकाला बांधलेलं लोकरीचं फूल गवताला टेकलं. उचललं. पुन्हा तिथेच टेकलं. हात थरथरत नव्हता. थरथरला असेल तरी पंधरा फुटांत कुठेतरी जिरून गेला.

खूप वेळ तेच करत बसला. मी कपडे वाळत घातले, काढले, परत तेच घातले. विचारायची हिंमत होईना.

शेवटी तोच म्हणाला, "डेलिया, दुकानदाराला एक विचारायचंय."

मी म्हटलं, आता काय चुकलं?

"काही चुकलं नाही. विचार त्याला, त्याची स्वतःची काठी केवढी?"

मला काही समजेना. म्हटलं, दुकानदाराच्या काठीशी आपल्याला काय करायचंय?

"एका होडीत दोन पंधरा फुटी नकोत. वाऱ्यात धागे गुंततात. मी मागे पंधरा घेऊन बसणार. पुढच्या फळीवर बसायला त्याला केवढी लागेल ते विचार. आणि वल्ही मारायला तोच."

हातातली चादर चिखलात पडली माझ्या. कधीपासून ठाऊक आहे, मी विचारलं. माझ्याकडे न बघता त्याने काठीवर बोट ठेवलं, कडी जिथे दोऱ्याने बांधतात तिथे. "पहिल्या काठीपासून. सगळं जग उजवीकडून दोरा गुंडाळतं. हा उलटा फिरलाय. गॉलवेत डावखुरा दुकानदार कुठून आणलास?"

म्हणजे बादलीपासून सगळं तो तुलाच बोलत होता! आणि मी मधल्या मध्ये दोघांशी खोटं बोलत, तुमचे निरोप इस्त्री करून पोचवत होते. मी इतकी चिडले की त्याला सांगितलं, आज तुझं जेवण तूच कर. मग मागे जाऊन पोटभर रडले. या वेळी कांदा नव्हता आणि तसं सांगितलंही नाही.

फाटकातल्या गोष्टीबद्दल तो काही बोलला नाही. बोलणारही नाही, तू वाट बघू नकोस. पण आज सकाळी मी उठले तर हा घरात नाही. धावले, रोजच्यासारखी. तो होडीत वाकलेला, पुढच्या फळीपाशी, आणि एका हाताने पोत्यातले दगड एकेक करून किनाऱ्यावर टाकत होता. मी मदतीला वाकले तर म्हणाला, "राहू दे." म्हणून मी उभी राहिले. बराच वेळ लागला. शेवटी त्याने रिकामं पोतं झटकलं, घडी घातली आणि खांद्यावर टाकून घरी आला.

आता पुढे कोणीच नाही. होडीचं नाक वर आलंय, अशी ती पाण्यात नेता येत नाही. आणि बांधावर आज पानापानाखाली मेमाशा आहेत.

तुझी काठी केवढी ते पत्रात लिहू नकोस. घेऊनच ये.

डेलिया